आवाज परत बसवून द्या

लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनवर टेकवून आणि मूठ कानाला लावून कानमिस्त्री उकिडवा बसला होता. डोळे मिटलेले. समोर मीटरवाला हातात हेल्मेट धरून उभा होता आणि त्याने काही सांगायला तोंड उघडले, की मिस्त्री डावा हात वर करून त्याला गप्प करत होता. आधी गाडी काय म्हणते ते ऐकायचे, मालकाचे मागाहून, हा त्याचा नियम. मालक थापा मारतात, गाडीला तेवढी अक्कल नसते, असे तो म्हणायचा.

कानमिस्त्री हे नाव त्याला गल्लीने ठेवले होते आणि ते त्याला मनातून आवडायचे. तीस वर्षे तो याच पत्र्याखाली मोटारसायकली दुरुस्त करत होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीतून खुळखुळ ऐकू येता कामा नये, हा त्याचा हट्ट. वाजणारी गाडी तशीच बाहेर सोडणे म्हणजे अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवणे, असे त्याला वाटे. बाकी माणूस तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि स्तुती मात्र कितीही केली तरी त्याला जड होत नसे.

मीटरवाला घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचा. गाडी एकतीस वर्षांची, मूळ त्याच्या वडिलांची. किलोमीटरचा काटा एकदा पूर्ण फिरून शून्यावर आला होता आणि दुसऱ्या फेरीत सेहेचाळीस हजारांवर जो रुसून बसला तो बसलाच. तक्रार अशी, की वीस मिनिटे गाडी झकास चालते, मग गुदमरते आणि बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा चालू. दोन ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला, जाता जाता कॉइलही नवी टाकली. गाडीने कुणालाच दाद दिली नव्हती.

मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला. बंद पडल्यावर टाकीचे झाकण उघडता का? मीटरवाला म्हणाला, हो, पेट्रोल आहे का बघायला उघडतो. आणि मग चालू होते? मीटरवाल्याने जरा विचार केला आणि म्हणाला, हो की.

झाकणात हवेसाठी एक बारीक भोक असते. ते मळाने बुजले होते. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हते. मिस्त्रीने टाचणीने भोक मोकळे केले, फुंकर मारली आणि झाकण परत लावले. काम पाच मिनिटांचे. तरीही तो म्हणाला, आजच्या दिवस गाडी राहू द्या, फिरवून बघतो. मीटरवाला पायी निघून गेला.

इथेच सगळे घडले. फिरवून बघताना मिस्त्रीच्या कानाला ती गाडी सहन होईना. व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट टकटकत होते, आतली टायमिंग चेन सैल होऊन खरखरत होती, बाहेरच्या चेनचे कव्हर थरथरत होते. कुणी सांगितले नव्हते, पण त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याने इंजिनचे डोके उघडले, मापाची पत्ती घालून टॅपेटची फट बरोबर मापात आणली, टायमिंग चेन नवी टाकली आणि कव्हरच्या बोल्टखाली रबराचा वॉशर बसवला. जुने सामान भंगाराच्या डब्यात भिरकावले. संध्याकाळी किक मारली तेव्हा गाडी नुसती श्वास घेत होती. त्याने बायकोला बोलावून ऐकवले. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि मग पार्टांच्या फळीशी बसून गिऱ्हाइकांना सामान द्यायची. ती म्हणाली, “छान. पण त्यांनी सांगितलं होतं का?” बायकांना यातले काय कळते, असे तोंड करून त्याने विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी मीटरवाला गाडी न्यायला आला. किक मारली, वाकून ऐकले, परत ऐकले. “फारच गप्प झाली हो,” एवढेच म्हणाला. मिस्त्रीने ती शाबासकी समजून खिशात घातली.

त्यानंतर तीन दिवसांनी तो परत आला. दुपारची वेळ, मिस्त्री नुकता जेवून उठलेला. मीटरवाल्याने गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट न काढताच म्हणाला,

“मिस्त्री, हिचा आवाज परत बसवून द्या.”

ऐकावे ते नवलच. मिस्त्रीला आधी वाटले, हा चेष्टा करतोय. मग त्याचा पारा चढला. तीस वर्षांत लोक आवाज काढून घ्यायला येतात, घालून घ्यायला कुणी आले नव्हते. आवाज हवा असेल तर डब्यात खडे भरून मागे बांधा, असे तो म्हणाला. मीटरवाला रागावला नाही, हसलाही नाही. त्याने हेल्मेट काढले, बाकावर बसला आणि पायांकडे बघत सांगू लागला.

घरी तो आणि वडील, दोघेच. वडिलांचे वय ऐंशीच्या पुढे. चार वर्षांपासून त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसे. गेल्या वर्षापासून मुलाचा चेहराही गेला. घरात वावरणाऱ्या या माणसाला ते पाहुणा समजतात. तुम्ही बसा, माझा मुलगा येईलच इतक्यात, असे मुलालाच सांगतात. तो जेवायला वाढतो, अंघोळ घालतो, आणि ते त्याला संकोचून म्हणतात, तुम्ही कशाला त्रास घेता. पण संध्याकाळी गाडीचा आवाज फाटकाशी येऊन थांबला की ते खुर्चीतून उठायचे, फाटकापर्यंत यायचे आणि कडी काढायचे. “किती उशीर,” म्हणायचे. तेवढ्यापुरता तो त्यांचा मुलगा असायचा. गाडी लावून आत गेला, की पुन्हा पाहुणा.

आता तीन संध्याकाळी ते उठले नव्हते. तो फाटक स्वतःच उघडून आत गेला. वडील रस्त्याकडे बघत बसून राहिले. काल त्यांनी ताट बाजूला सारले. मुलगा आल्याशिवाय जेवत नाही, म्हणाले.

 आपण नको तिथे शहाणपणा केला, हे मिस्त्रीला कळले आणि आतून फार वाईट वाटले. तोंडाने मात्र तो खेकसलाच.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“मला तरी कुठे माहीत होतं?” मीटरवाला म्हणाला. “मला वाटायचं, फाटकाशी तरी ते मला ओळखतात.”

फळीशी बसलेल्या बायकोने हातातली बोल्टांची पुडी खाली ठेवली.

आवाज काढणे मिस्त्रीच्या हातचा मळ होता. घालणे त्याला जमेना. मुळात तो आवाज कसा होता, हेच त्याला आठवेना. तीस वर्षे त्याने आवाज ऐकले ते पिटाळून लावण्यासाठी. जपून ठेवायला म्हणून एकही ऐकला नव्हता. मीटरवाल्याला विचारले, तर तो बिचारा लाजत लाजत तोंडाने टक-टकर, टक-टकर करून दाखवू लागला. समोरचा पंक्चरवाला हसून हसून बेजार झाला. मिस्त्रीने त्याला शिवी हासडली, आणि मग स्वतःही तसाच आवाज काढून विचारले, “असा?”

जुनी टायमिंग चेन परत घालायला त्याने साफ नकार दिला. ती वाटेत तुटली तर इंजिन जाईल, वर हा पडेल, मग वडील कडी काढणार कुणासाठी? जे करायचे ते टॅपेटवरच. त्याचा उस्ताद सांगायचा, की वाजणारा टॅपेट निदान बोलून दाखवतो, घट्ट टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळतो. म्हणजे सैल ठेवण्यात धोका कमी. तरी मापाबाहेर पाना फिरवताना त्याचा हात अडखळला. थोडे सैल केले, ऐकले. अजून थोडे. बाकावरून मीटरवाला मान हलवत राहिला. जवळ आलंय, पण ते नाही.

शेवटी बायकोच बोलली. “ती गाडी बंद केल्यावर एकदा वाजायची. खणकन. मी इथे बसून रोज ऐकते ना, कोणाकोणाच्या गाड्या जातात ते. पंक्चरवाल्याकडे थांबली, की शेवटी खणकन व्हायचं.”

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले. मग भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला आणि गुडघ्यावर बसून कव्हरचा जुना, गंजलेला बोल्ट शोधून काढला. रबराचा वॉशर काढून टाकला.

संध्याकाळी दोघे निघाले. चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा आवाज बाहेरून कसा येतो ते कळत नाही, म्हणून मिस्त्रीने ठरवले, की गाडी तो आणेल आणि मीटरवाल्याने फाटकाशी उभे राहून ऐकायचे. मीटरवाला कोपऱ्यावर उतरून पुढे चालत गेला. मिस्त्री थोडे थांबून मागून आला. बैठे घर, लोखंडी फाटक, ओट्यावर वेताची खुर्ची आणि खुर्चीत स्वच्छ दाढी केलेला म्हातारा. म्हाताऱ्याने मान वळवली. मिस्त्रीने गाडी बंद केली. म्हातारा वाट बघत राहिला, मग त्याने मान परत फिरवली.

खणकन झालेच नव्हते. मिस्त्री गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत मागे गेला, खिशातून पाना काढला आणि बोल्ट एक आटा सैल केला. किक मारली. टक-टकर करत परत फाटकाशी आला आणि किल्ली फिरवली. कव्हर एकदा खणकन वाजले.

म्हातारा उठला. खुर्चीचे हात धरून, सावकाश, पण ठाम उठला. ओट्याच्या दोन पायऱ्या उतरला, फाटकापाशी आला आणि कडी काढली.

“किती उशीर,” तो मिस्त्रीला म्हणाला. मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे वळून हसला. “बघा, सांगत नव्हतो तुम्हाला? हा माझा मुलगा.”

 मीटरवाला म्हणाला, “हो, बाबा. बरं झालं आले ते.”

मिस्त्री गाडीवरून उतरला. किल्ली मीटरवाल्याच्या हातात कोंबत हळूच म्हणाला, “आता तुम्ही या.” मीटरवाल्याने गाडी कोपऱ्यावर नेली. म्हातारा पुन्हा खुर्चीत जाऊन बसला, आणि फाटकात उभ्या असलेल्या मिस्त्रीला म्हणाला, बसा ना तुम्ही, माझा मुलगा येईलच इतक्यात. टक-टकर आले, खणकन झाले. म्हातारा परत उठला, परत तेवढाच सावकाश. कडी काढून त्याने मुलाच्या दंडाला हात लावला.

“किती उशीर.”

“झाला थोडा, बाबा,” मीटरवाला म्हणाला.

मिस्त्री चालत घरी गेला. गुडघा दुखत होता, तरी चालत गेला. बायकोने विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, “वाजतेय.”

त्यानंतर दर दोन महिन्यांनी गाडी त्याच्याकडे यायची. तो आधी सगळे नीट मापात आणायचा, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन तब्येतीने ठीक असल्याची खात्री करायचा, आणि मग पाना घेऊन ते हाताने बिघडवायचा. कुणी नवे गिऱ्हाईक बसलेले असले, की हमखास विचारायचे, ही गाडी इथूनच दुरुस्त होऊन चाललीय का? पंक्चरवाला लांबून ओरडायचा, कानमिस्त्री, कान गेले काय? मिस्त्रीने पूर्वी एवढ्यावरून पाना फेकून मारला असता. आता तो म्हणायचा, “गेले.” असे दोन वर्षे चालले.

मग एका दुपारी मीटरवाला आला. सर्व्हिसिंगला अजून अवकाश होता. दाढी वाढलेली. गाडी स्टँडवर लावून बाकावर बसला.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “आता टॅपेट नीट करून द्या.”

 मिस्त्रीने हातातली दुसऱ्याची गाडी बाजूला सारली आणि इंजिन थंड व्हायची वाट बघत मीटरवाल्याच्या शेजारी बसून राहिला. बायकोने येऊन दोघांना पाणी दिले. मग त्याने डोके उघडले, पत्ती घातली, फट मापात आणली. जुना बोल्ट काढला, नवा लावला, खाली रबराचा वॉशर ठेवला. जुना बोल्ट भंगारात टाकायला हात गेला होता, तो त्याने फळीवर ठेवला.

मीटरवाल्याने किक मारली. गाडी नुसती श्वास घेऊ लागली. तो वाकून ऐकत राहिला, मग म्हणाला, “छान झाली,” आणि हेल्मेट घालून निघाला.

पूर्वी ती गाडी पाण्याच्या टाकीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकू यायची. मिस्त्री दारात उभा राहिला. दहा पावलांवर आवाज संपला.

“गेली का?” बायकोने आतून विचारले.

गाडी अजून सरळ रस्त्यावर होती, समोर दिसत होती.

“हो,” तो म्हणाला.