जानरावांचा सत्कार

वडनेर भोलजीच्या समाजमंदिरात मानसिक आरोग्याचा कार्यक्रम ठरला आणि त्यात सत्कार ठरला जानरावांचा. भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, सहा वर्षं आजारी असताना त्यांनी म्हणे कुटुंब सावरलं! पुतणी पायलला हे बॅनरवरून कळलं.

पायल बारावीला होती. तिच्या आईला, सारिकाला, कधी आवाज ऐकू येत, कधी आठवडाभर ती अंथरूण सोडत नसे. वडील रवी ट्रकवर, पंधरवड्यातून एकदा घरी. बुलडाण्याहून गोळ्या आणणं, आईनं त्या गिळल्या की गालात दडवल्या ते पाहणं, स्वयंपाक, सगळं पायलकडे. भाषणात अंधश्रद्धेवर तुटून पडणाऱ्या जानरावांनी सारिकाला बाहेरचं झालंय म्हणून दोन घरांमधलं दार विटांनी बुजवलं होतं. त्यांचं सावरणं ते एवढंच.

शहरातून आलेल्या मॅडमनी पडद्यावर वादळात वाकणारं, पण न मोडणारं झाड दाखवलं. मुलांनी असं व्हावं, म्हणाल्या. मग जानरावांना शाल. त्यांचा आवाज भरून आला. माइक हाती आला की तो नेहमीच भरून येई.

"पोरीले मी काई कमी पडू देलं नाही!"

मॅडमनी पायलला पुढे बोलावलं. "बाळा, काकांबद्दल दोन शब्द बोल."

पायल माइकपाशी गेली. मागच्या रांगेत आई पदराचं टोक पिळत बसली होती.

"मोठेबाबांनी लय मदत केली," ती म्हणाली. "सहा वर्षांत एकदाही घरी आले नाहीत. आईले गर्दीचा त्रास होते, हे त्याईले बरोबर समजलं."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी नाही.

"आन् मॅडम, मले झाड नाही व्हायचं. मंगळवारी माहं प्रॅक्टिकल हाय, आन् त्याच दिवशी आईच्या गोळ्या आणाच्या हायेत. कोणी जाते काय?"

जानराव शालीची घडी नीट करू लागले. मघाशी 'आजाऱ्याला आधार द्या' म्हणून बोललेले सगळे चपला शोधू लागले. उठली ती शेजारची महामाया मावशी, जिनं सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"मी जातो. चिठ्ठी दे मले."

"मीबी येतो," मागून सारिका हळूच म्हणाली. "डॉक्टरले मलेच पाहाचं राह्यते ना."

एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू पायलला तिथे आवरलं नाही.

मंगळवारी दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. पायल प्रॅक्टिकल देऊन घरी आली, तेव्हा महामाया पायलच्याच ओट्यावर बसून आईला गोळ्यांची वेळ पाठ करायला लावत होती. डॉक्टरकडची पुढच्या महिन्याची तारीखही महामायानंच घेतली होती.