गर्दीचा प्रोग्रॅम

आईचे ओठ हलत होते आणि उमसुनायला एक शब्द कळत नव्हता.

घर माणसांनी भरलेलं. नारीनकडच्या डोंगराळ गावांत कुणी जायला टेकलं की सगळे येऊन बसतात. एकमेकांचं उणंदुणं माफ करून घ्यायचं असतं. दाराशी समोवार खदखदत होता, चहासाठी मांडल्या जाणाऱ्या वाट्या खणखणत होत्या. म्हणून तिनं कानामागच्या यंत्रावर गर्दीचा प्रोग्रॅम लावला होता. ऐकू येण्यासाठी बसवलेलं हे कॉक्लियर इम्प्लांट जुळवून देताना बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं, “माणसं जमली की हा.”

आईला शेवटचं जे सांगायचं होतं, ते फक्त थोरल्या लेकीला.

“मी ऐकून सांगितलं असतं, ताई,” धाकटा एसेन म्हणाला, “पण मला बघितलं की ती तोंडच मिटते.”

“डोकं उघडून यंत्र बसवलंस ना?” जीपार आत्या कडाडली. “आणि आईचं एक वाक्य कळत नाही? मग काय शोभेला लावलंयस?”

उमसुनायला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा प्रोग्रॅम एकसुरी घरघर पुसून टाकतो, आणि पक्षाघातानंतर आईच्या आवाजात उरली होती ती तेवढीच. यंत्र आईलाच गोंगाट समजत होतं.

तिनं घरातला साधा प्रोग्रॅम लावला. समोवार, वाट्या, खोकले, सगळं एकदम अंगावर आलं. आई त्यात बुडून गेली.

“बाहेर जा,” ती म्हणाली. “सगळे. हात जोडते.”

“जाणाऱ्या माणसापासून लोकांना हाकलतेस? तुझ्या वेळी कुत्रंसुद्धा फिरकणार नाही!”

“नाही फिरकलं तरी चालेल. आत्ता उठा, आत्या.”

आत्या पुटपुटत उठली. एसेननं समोवार उचलला. दार लागलं. उमसुनायनं यंत्राचा आवाज होता तेवढा वाढवला. स्वतःच्या बाहीची सळसळही टोचायला लागली.

“चहा न देताच घालवलंस सगळ्यांना?” आई म्हणाली.

अख्खं वाक्य!

“देते गं, आई. आधी तुझं सांग.”

“आधी चहा.”

“नाही उठणार मी. रागाव हवं तर. रागाव ना, आई.”

आईचे ओठ पुन्हा हलले. उमसुनाय आणखी वाकली. श्वास आत गेलेला तिला अगदी स्वच्छ ऐकू आला. तो बाहेर येण्याची वाट बघत ती तशीच वाकून राहिली.