मोरोपंतांची बंद खिडकी

"हात तर लावून बघ त्या खिडकीला, हात मोडून ठेवीन!"

धूर इतका होता की नीलकंठ डॉक्टरला जानकीबाई आवाजावरूनच कळल्या. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्या-शेपांची धुरी. बाजेवर जानकीबाईंची लेक इंदू डोळे पुसत बसलेली, आणि तिच्या मांडीवर आठ दिवसांचं पोर. श्वास ओढताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"काकू, पोराला धाप लागलीय. निदान शेगडी तरी बाहेर न्या."

"बाळंतिणीचा विस्तव दहा दिवस खोलीबाहेर जात नाही, विझत तर नाहीच नाही. माझ्या सासूनं राखला, मी राखला. आम्ही काय मेलो?"

"मेलेले सांगायला येत नाहीत, काकू."

नीलकंठ हा असा फटकळ. देवासच्या दवाखान्यात त्याला पगार होता जुलाब आणि खरूज बघण्याचा. पण त्याला वेड होतं तान्ह्या पोरांच्या छातीचं. बाळंतिणीच्या खोल्यांत तो ओल्या पांढऱ्या चिंध्या टांगून यायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा, कुठली किती काळी झाली ते. जिथली चिंधी काळीकुट्ट, तिथलंच पोर घरघरायचं. गाव त्याला चिंधीडॉक्टर म्हणून हसायचं. हसणाऱ्यांच्या घरातच दर हिवाळ्यात पाळणे रिकामे व्हायचे आणि दोष जायचा कुणाच्या तरी नजरेला. धुराला कधी कुणी दोष दिला नाही. धूर पवित्र ना!

या घरातली चिंधी त्यानं कालच काढून नेली होती. कोळशानं पुसली असती तरी इतकी काळी झाली नसती.

आणि खिडकी? तिचा इतिहास ऐकण्यासारखा. देवास एक, गाद्या दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. जानकीबाईंचे यजमान मोरोपंत थोरल्या पातीत कारकून. खिडकीमागची गल्ली धाकटीच्या हद्दीत. एकदा दसऱ्याच्या पंगतीत धाकटीच्या कुणा कारकुनानं त्यांना मागे बसवलं. पंत जेवण टाकून उठले, घरी आले आणि खिडकीला आडवी फळी ठोकली. "धाकट्या पातीचा वारा माझ्या घरात नको!" पंत जाऊन चार वर्षं झाली, फळी होती तिथंच. वाऱ्याला पाती असते हे फक्त आमच्या गावात कळतं!

तेवढ्यात पोराच्या ओठांवर निळसर झाक आली. इंदू किंचाळली, "आई, सरक गं! बाबांचा मान ठेव बाजूला, माझं पोर जातंय!"

खिडकी अडवून उभ्या असलेल्या जानकीबाई पाऊलभर सरकल्या. तेवढंच पुरलं. नीलकंठानं खलातला बत्ता उचलला आणि तीन घावांत फळी पाडली. खिडकी उघडताच कोंडलेला धूर लोटच्या लोट गल्लीत घुसला.

गल्लीत धाकटीचा शिपाई गणोजी चिलीम ओढत बसला होता. तो उडालाच आणि गावच्या हिंदीमिसळल्या मराठीत ओरडला.

"आग! अरे भिया, पंतांकडे आग लागली! पानी लाओ रे!"

मग काय विचारता! धाकटीकडून घागरी आल्या, थोरलीकडून पखाल आली.

"घर आमच्या हद्दीतलं, आग आम्ही विझवणार!" थोरलीचा शिपाई मानाजी ओरडला.

"धूर तर हमारे इधर आया ना? मग पयलं पानी आमचं!" गणोजी म्हणाला, आणि पहिली घागर खिडकीतून आत रिकामी झाली. ती पूर्ण डॉक्टरच्या डोक्यावर.

"आग नाहीये, गाढवांनो!" नीलकंठ निथळत ओरडला. ऐकतो कोण? दुसरी घागर चढलेली दिसली आणि जानकीबाईंनी बाजेखाली झेप घेतली. पदर हाताला गुंडाळून त्यांनी रसरसलेली शेगडी उचलली.

"मेल्यांनो, माझा विस्तव विझवाल!"

आणि ज्या बाईनं आठ दिवस शेगडी बोटभर हलू दिली नव्हती, ती स्वतः शेगडी घेऊन तरातरा अंगणात गेली.

नीलकंठाला हसू आलं, पण आधी त्यानं पोर दुलईत गुंडाळून खांद्याशी उभं धरलं. खोली निवळत गेली. खोकला आला, शिंक आली आणि मग पोरानं असा काही टाहो फोडला, की खिडकीतून गणोजी म्हणाला, "क्या गला है! दोन्ही दरबारांत ऐकू गेलं असेल."

संध्याकाळी पोराची छाती संथ हलत होती. खिडकी उघडीच होती. ती लावा असं कुणी म्हणालं नाही. नीलकंठ निघाला, तर जानकीबाई अंगणात शेगडीपाशी घोंगडी टाकून बसलेल्या. हात भाजला होता, त्यावर तूप लावलेलं.

"रात्रभर इथंच बसणार, काकू?"

"दहा दिवस पुरे व्हायचेत." त्यांनी एक निखारा वर ओढला. मग विस्तवाकडेच बघत म्हणाल्या, "माझे दोघे याच खोलीत गेले रे. एक बाराव्या दिवशी, एक महिन्याचा होऊन. असाच श्वास ओढायचे. दृष्ट लागली, म्हणाले सगळे."

नीलकंठाकडे उत्तर तयार होतं: दृष्ट नव्हे, धूर. उभ्या गावाला तोंडावर ऐकवलेलं, पाठ झालेलं. जानकीबाईंनी मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणत असतील," ते उत्तर गिळून तो हळूच म्हणाला.

जानकीबाईंनी अर्धी घोंगडी त्याच्याकडे सरकवली.

"बस. भिजलायस."

तो बसला. दोघं शेकत राहिली.