एका दिवसाचा कॅमेरा

कोमलनं कॅमेरा आबांच्या कानापासून वीतभर अंतरावर धरला आणि बटण दाबलं.

"आला का आवाज?"

दत्तोबांनी आधी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"न्हाई."

"आता कीर्तनात ध्यान ठेवा. मी तुमच्या जवळूनच फोटो काढणार आहे. एकदा जरी खटका ऐकू आला, तरी मला सांगायचं."

सांगतो की, म्हणत ते टाळांची दोरी गळ्यात अडकवू लागले.

भाजे गावच्या देवळात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. खांबाशी पाटावर अंबूबाईंचा फोटो ठेवला होता. त्यांना जाऊन आज वर्ष झालं. दहा ते बारा कीर्तन, बाराच्या ठोक्याला फुलं, मग जेवणं. आईचा तो फोटोही कोमलनंच काढलेला, तिच्या जुन्या कॅमेऱ्यानं.

त्या कॅमेऱ्याचं दुखणं एकच होतं, त्याचा खटका. लोणावळ्यात लग्नाआधीची जोडपी दरीच्या काठाशी उभी करून फोटो काढताना त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण कोमलचं मन रमायचं ते सप्ताहांच्या कामात. पोटही त्यावरच चालायचं. दोन महिन्यांमागं परंदवडीच्या सप्ताहात महाराज ऐन रंगात आले असताना मध्येच थांबले आणि हसून म्हणाले, "ताई, तुमचा टाळ आमच्या टाळात बसत नाही बघा." मंडप हसला. तीही हसली. पुढच्या तीन सप्ताहांचं काम मात्र तळेगावच्या एका फोटोग्राफरकडे गेलं. त्याच्या कॅमेऱ्याला आवाजच नव्हता.

तसा कॅमेरा लेन्स धरून तीन लाखांच्या घरात जात होता. लोणावळ्याचा निलेश कॅमेरे भाड्यानं द्यायचा. एक दिवस वापरून बघ, मग ठरव, असं त्यानंच सुचवलं. आबांनी मात्र परस्पर ठरवूनच टाकलं होतं. त्यांनी आईच्या पाटल्या रुमालात बांधून कोमलसमोर ठेवल्या आणि काही न बोलता शेताकडे निघून गेले.

काही न बोलता. वर्षभर असंच चाललं होतं. आई होती तेव्हा घरात दिवसभर तिचा आवाज असे. कुणी काही म्हटलं की तेच ती आबांना पुन्हा मोठ्यांदा सांगायची, आणि आबा तिला उत्तर द्यायचे. ती गेली आणि आबा मिटून गेले. विचारलं तर हूं, नाहीतर नुसती मान.

त्याहून वाईट होती ती मळवलीच्या फाटकावरची गोष्ट. गेल्या महिन्यात आबा बंद फाटकाखालून वाकून रुळांवर गेले. फाटकाजवळ राजमहंमदचं सायकलींचं दुकान. त्यानं धावत जाऊन दंडाला धरून त्यांना मागं ओढलं, तेव्हा गाडी अगदी अंगावर आली होती. भोंगा अख्ख्या मळवलीनं ऐकला. संध्याकाळी राजमहंमद घरी आला आणि कोमलला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊंना एकलं सोडू नका. मावशी गेल्यापासून त्यांना जगायचं दिसत न्हाई." त्याच दिवशी तिनं घरातलं फवारणीचं औषध उचलून शेजारी नेऊन ठेवलं. आबा विहिरीकडे निघाले की ती काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायची. रात्री त्यांच्या खोलीची कडी तिनं काढून टाकली होती. त्यांनी ते पाहिलं, आणि विचारलं नाही.

कीर्तन सुरू झालं. सोपाननं पखवाजावर थाप मारली. आबा त्याच्या समोरच्या रांगेत, नेहमीच्या जागी उभे होते. चाळीस टाळांत कुणाचा टाळ चिरलाय हे डोळे मिटून सांगणारा माणूस, म्हणून मावळात त्यांचं नाव होतं.

पहिल्याच फोटोंत महाराजांच्या पांढऱ्या अंगरख्यावर काळसर आडवे पट्टे उमटले. देवळात नवे एलईडी दिवे बसवले होते. निलेशनं हे सांगून ठेवलं होतं, अशा दिव्यांखाली आवाज बंद ठेवला की कधी कधी पट्टे येतात, आले तर खटका चालू कर. कोमलनं नाइलाजानं तो चालू केला. जुन्यापेक्षा हलका होता, पण होताच. सोपाननं एकदा वळून पाहिलं. महाराजांची नजरही क्षणभर तिच्यावर येऊन गेली. तीन लाख घालून पुन्हा खटकाच ऐकायचा, तर कशाला, असं तिच्या मनात आलं आणि ठरल्यासारखं झालं.

महाराजांनी देवाशी भाव करणाऱ्या एका कंजूष भक्ताची गोष्ट रंगवली. देऊळ हसलं. तिनं बटण तसंच दाबून धरलं. आबांपासून दोन हातांवर कॅमेरा खटाखट चालत राहिला.

बाराला फुलं पडली. पंगती उठल्या. हात धुवायच्या दगडापाशी आबा उपरण्याला हात पुसत होते. कोमलनं जवळ जाऊन विचारलं, किती वेळा आला आवाज. ते पुसतच राहिले. तिनं दंडाला हात लावला, तेव्हा ते वळले आणि तिच्या ओठांकडे पाहू लागले. तिनं पुन्हा विचारलं.

"येकदापन न्हाई. लय गुणाचा कॅमेरा हाय. घेऊन टाक."

त्यांच्या पाठीमागून सोपान म्हणाला, "गुणाचा कुटला? पखवाजात भुंगा शिरल्यावानी खटखट चाललीवती. तुझं ध्यान कुटं व्हतं, दत्तोबा?"

आबा हात पुसत राहिले.

कोमल देवळामागच्या पायरीवर जाऊन बसली. तिनं फोटो उघडले आणि आबांचा चेहरा मोठा करून पाहिला. बुबुळंसुद्धा स्वच्छ दिसत होती. नामाच्या गजरात सगळ्यांचे डोळे मिटलेले, आबांचे उघडे. प्रत्येक फोटोत ते सोपानच्या उजव्या हातावर लागलेले. त्याचा हात वर, तर यांचे टाळ वेगळे. त्याचा हात खाली, तर यांचे टाळ मिटलेले. मग कंजूष भक्ताची गोष्ट आली. सगळं देऊळ हसतंय, आबा गंभीर. त्यानंतरच्या फोटोत आबांची नजर शेजाऱ्याच्या तोंडावर. आणखी पुढच्या फोटोत बाकीच्यांचं हसू ओसरलेलं, आबा तोंडभर हसताहेत.

तिनं कॅमेरा बंद केला. मग पुन्हा चालू करून तेच फोटो पाहिले.

दुपारी कॅमेरा परत द्यायला ती लोणावळ्याला निघाली. आबा फाटकापर्यंत सोबत आले. फाटक बंद होतं. राजमहंमदनं दुकानातून हात केला, आबांनीही केला. कोमल त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही.

आबा, कधीपासून?

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"चार वरसं झाली. तुज्या आईला ठाव व्हतं. तिनं नेलंतं मला तळेगावला. कानाच्या शिरा वाळल्यात म्हनला डाक्टर. मशीन लावून उपेग न्हाई."

कोमलनं मान खाली घातली. महिनाभर ज्याची भीती धरली होती ते नव्हतंच, आणि जे होतं त्याला निमित्त काढून मागोमाग जाऊन भागणार नव्हतं.

"सोपानला बोलू नको," आबा म्हणाले. "टाळ काढून घेत्याल."

तिनं मानेनं नाही म्हटलं. मग त्यांनी पिशवीकडे बोट केलं. तिनं कॅमेरा काढून त्यांच्या हातात दिला आणि नामाच्या गजराचे फोटो उघडले. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

"ह्ये मोटं कर. हाताचं."

सोपानचा हात पडदाभर झाला. पखवाजावर लावलेल्या कणकेचे कणसुद्धा दिसत होते. ती एकेक फोटो पुढे सरकवू लागली. हात वर, हात मध्ये, हात खाली.

"सावकाश," आबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "घे कॅमेरा. हात लय साफ दिसतोय."

त्यांचा अंगठा फाटकाच्या दांडीवर ठेका धरू लागला. पर्समध्ये पाटल्यांची गाठ होती. तिथंच फोन वाजायला लागला, निलेशचा असावा. लोणावळ्याकडून गाडीचा भोंगा आला, अगदी जवळून. फाटकाशी उभी असलेली माणसं मागं सरली. आबांनी मान वर केली नाही.

कोमलनं डाव्या हातानं त्यांना दंडाला धरून मागं घेतलं, आणि उजव्या हातानं फोटो सरकवत राहिली.