दांडाभर अंतर

"दांड्याच्या आत दिवा आणायचा नाही म्हणजे नाही!" सासूबाई कडाडल्या. "या स्टुडिओचा नियम आहे तो."

"आई, पण आपण स्टुडिओत आहोत कुठे? गच्चीवर आहोत!" सून म्हणाली.

"गच्ची कुणाची? स्टुडिओचीच ना?"

सुनेने हातातला लांबलचक दांडा फरशीवर असा आपटला, की मी स्टँडवरच्या स्टँडवर थरथरलो.

मी म्हणजे सॉफ्टबॉक्स. फ्लॅशच्या तोंडाला बांधायची कापडी पेटी. बाहेरून काळा, आतून चंदेरी, पुढे पांढरा पडदा. फ्लॅश बिचारा अडाणी, भसकन उजेड ओकतो. तो मी गाळतो, पसरवतो आणि माणसाच्या तोंडावर जरा माणुसकीने पाडतो. अंगाने लहान, एका हाताने उचलता येईल एवढा. माझ्या खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असं इतक्या ठळक अक्षरांत छापलं होतं, की मी जणू शाळेतून नाव काढून टाकलेला पोरगा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जिने माझ्या कडा शिवल्या ती बाई शिवता शिवता शेजारणीला जावेच्या कागाळ्या सांगत होती. त्यामुळे घरातली भांडणं मला नवीन नाहीत. बाळकडूतच मिळाली आहेत म्हणा.

पुढे दुकानातल्या फळीवर आलो. माझ्या डोक्यावर थोरले बसलेले. थोरले म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, दरवाज्याएवढा रुंद. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्यांच्यापुढे हात जोडल्यासारखं उभं राहायचं. "मोठा घेतला की उजेड मऊ पडतो," असं कुठेतरी ऐकून आलेलं असायचं. कुठे उभा करणार, कोण धरणार, वारा आला तर काय, असले क्षुद्र प्रश्न विचारायचा कमीपणा कोण घेणार? थोरले खाली बघून मला म्हणायचे, "तू रे? तू काय, छत्रीचा धाकटा भाऊ का?"

एक दिवस ही सून आणि तिचा नवरा आले. नवऱ्याने महिनाभर व्हिडिओ पाहिले होते. फोटो एकही काढला नव्हता, पण व्हिडिओ पाहिले होते. आल्या आल्या त्याने थोरल्यांना मिठीच मारली.

सुनेने दुकानदाराला विचारलं, "बाहेर एकटीने काम करायचंय. उघडायला किती कटकट? स्कूटरवर मावेल? वाऱ्यात तग धरेल?"

दुकानदाराने मला फळीवरून काढलं, छत्रीसारखं फटकन उघडलं, पटकन मिटलं. सून हसली. तेवढ्यावर माझं लग्न ठरलं म्हणायचं.

"एवढासा?" नवरा म्हणाला. "अगं, लोक हसतील."

"लोक फोटो बघतील की पेटी?"

त्याने ऐकून घेतलं, आणि तिची पाठ वळताच थोरल्यांनाही बांधून घेतलं. तिच्यासाठी 'भेट' म्हणून. पुरुषांना स्वतःची हौस भागवायची असली की ते बायकोला भेट देतात, हे माझं निरीक्षण आहे. चुकीचं असेल तर सांगा, मी वाट बघतो.

घरी आलो तेव्हा स्टुडिओचा कारभार कळला. स्टुडिओ सासूबाईंचा. कुणी शिकवलं नाही, कुणी हात धरला नाही. पुसत, चुकत, जळत बाईने स्वतः धंदा उभा केला. जळत हे खरंच. त्या काळी दिवे मोठे, चुलीसारखे तापणारे. एकदा एक वकील फोटोला बसले. सासूबाईंनी दिवा जरा जवळ घेतला आणि वकीलसाहेबांची मिशी एका बाजूने होरपळली. फोटो फार छान आला होता म्हणतात, पण वकीलसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी भर रस्त्यात तमाशा केला. "बाईमाणसाच्या हातात दिवा दिल्यावर दुसरं काय होणार!" हे वाक्य सासूबाईंच्या काळजात रुतून बसलं.

त्या दिवसापासून नियम झाला. वरची खिडकी उघडायला स्टुडिओत एक लांब दांडा होता. माणूस आणि दिवा यांच्या मध्ये तो आडवा धरायचा. दांडा मावला तरच फोटो. दिवे बदलले, कॅमेरे बदलले, खिडकीसुद्धा बुजवून टाकली, दांडा राहिला. सून लग्नानंतर या स्टुडिओतच शिकली, त्यामुळे तिच्याही हाताला तीच सवय. ती मला घेऊन गच्चीवर आली तेव्हा तिच्या एका खांद्यावर कॅमेरा होता आणि दुसऱ्या खांद्यावर दांडा. उघड्या आभाळाखाली खिडकीचा दांडा! मला हसायला आलं असतं, पण माझ्या तोंडाला पडदा आहे.

सुनेचं काय अडलं होतं तेही सांगतो. लग्न झाल्यापासून तिने पासपोर्ट फोटोंशिवाय काही काढलं नव्हतं. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. आता पहिल्यांदा तिच्याकडे स्वतःचं काम चालून आलं होतं. दवाखान्यातली म्हातारी दाई निवृत्त होत होती. तिचा मोठा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लागायचा होता. दाईने बजावलं होतं, "आयुष्यभर ट्यूबलाइटखाली उभी राहिले. फोटो काढाल तर झाडाखाली, उन्हावाऱ्यात. नाहीतर मी दुसरीकडे जाते." फोटो उद्या होता. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, की आज गच्चीवर नीट जमलं तर बाहेरचं सगळं काम सुनेचं. नाही जमलं तर त्या दाईला कळवून टाकतील आणि सून परत काउंटरवर. मान सरळ, कान दिसू द्या.

सकाळी आधी थोरल्यांची पाळी झाली. नवऱ्याने स्वतः बांधले, मागे सरकून कौतुकाने बघितलं. वाऱ्याची एक झुळूक आली. थोरले डौलात उठले, कठडा ओलांडला आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये जाऊन पडले. शेजारीण त्यांना काठीने ढोसत होती.

"जरा वजन लावायला हवं होतं," नवरा म्हणाला.

"लावायचं होतंस की. तू रिकामाच होतास," सासूबाई म्हणाल्या.

मग माझी पाळी. नवऱ्याला स्टुलावर बसवलं. मी वाऱ्यात नीट उभा राहिलो, पण दांडाभर लांब. एवढ्याशा पेटीला एवढं लांब उभं केलं तर काय होणार? तिथून मी माणसाला टॉर्चसारखा दिसतो. नाकाची सावली गालावर अशी पडली, की नवऱ्याला दोन नाकं आहेत असं वाटावं. त्यात एवढ्या लांबून उन्हाशी झुंजायचं, म्हणून फ्लॅश पूर्ण ताकदीने पेटत होता, आणि दर फोटोनंतर धापा टाकत बसत होता.

"पेटीच टाकाऊ आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मी आधीच सांगितलं होतं, मोठा—" नवऱ्याने सुरुवात केली.

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

आता माझी एक काडी वाकली आहे, पडद्याला पिवळट झाक आली आहे, म्हणून वयाच्या अधिकाराने एक विनंती करतो. पहिला सॉफ्टबॉक्स घ्यायला जाल तेव्हा एकट्याने उघडेल, एकट्याने उचलेल, वाऱ्यात पळून जाणार नाही असा घ्या. आणि घेतलात की त्याला जवळ घ्या. माणसाच्या तोंडाशी, फोटोच्या चौकटीत येता येता राहील इतका जवळ. लांब उभं करून वर "उजेड कडक पडतो" म्हणून आम्हाला नावं ठेवू नका. उजेड मऊ व्हायला आधी जवळ यावा लागतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण मला कोण विचारतंय?

सुनेने कॅमेऱ्यातला फोटो बघितला. मग मला. मग दांड्याला. आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तिने एका हाताने स्टँड उचलला आणि थेट नवऱ्याच्या गालाशी आणायला निघाली. तेव्हाच सासूबाई कडाडल्या होत्या, आणि तिथूनच मी तुम्हाला हे सांगायला घेतलं.

"आई, हा दिवा तापत नाही," सून आता म्हणाली. "हात लावून बघा."

"मला दिवे शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी दिवे लावतेय."

"म्हणूनच म्हणते. ते दिवे वेगळे होते."

"वकिलाची मिशी गेली तेव्हा रस्त्यात मी उभी होते, तू नव्हतीस! उद्या त्या म्हातारीला काही झालं तर लोक कुणाला बोलतील? तुला. तेच शब्द ऐकवतील. ते ऐकून कसं वाटतं, माहितीये तुला?"

सासूबाई दांड्याला का धरून बसल्या होत्या, ते सुनेला त्या क्षणी कळलं असावं. तिचा आवाज खाली आला. "आई, काही न होता सुद्धा ऐकवतील. हा असला फोटो भिंतीवर लागला तर रोज ऐकवतील. मला उद्या तो जवळ घ्यावाच लागेल. तुम्ही नको म्हणालात तरी."

पलीकडे शेजारीण अजून थोरल्यांना ढोसत होती.

सासूबाईंनी कॅमेरा ओढून घेतला. मुलाची दोन नाकं बराच वेळ बघितली. मी चुकले म्हणायची बाई ती नव्हे. तसं म्हटलं असतं तर गच्ची खचली असती. त्या पुढे आल्या, सुनेच्या हातातला दांडा काढून घेतला, कठड्याला टेकवून ठेवला. मुलाला दंडाला धरून स्टुलावरून उठवलं. स्वतः बसल्या. चष्मा काढला, केस सारखे केले, मान ताठ केली आणि माझ्याकडे रोखून बघत सुनेला म्हणाल्या,

"आण त्याला माझ्या तोंडाजवळ. भाजलं तर माझं भाजेल."