एकच फेरा

पंचवीस जानेवारीला दुपारी मी शाळेत पोचले, तेव्हा बाबा मैदानात उभे राहून पोरांना फक्कीच्या रेषा सरळ कशा मारायच्या ते सांगत होते. फक्कीचा डबा एका मुलीच्या हातात होता आणि बाबांचे दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात होते. थंडी नव्हती. हात खिशात का, ते गावात फक्त मला माहीत होतं.

मानपाड्याच्या पुढचं आमचं गाव आता महापालिकेत गेलं आहे. चारी बाजूंनी टॉवर आले. शाळा मात्र अजून जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, कौलं जाऊन पत्रे चढलेली. बाबा तिथे शिकले, मीही तिथेच शिकले. बाबांनी पुढे एमआयडीसीत नोकरी केली, निवृत्त झाले, पण शाळेचा झेंडा बांधायचं काम त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. झेंड्याची घडी, घडीत झेंडूच्या पाकळ्या, वरून दोरीचा एक फेरा आणि ओढली की सुटणारी गाठ. त्यांच्या वेळच्या गुरुजींनी ती त्यांना शिकवली होती. दोरीला झटका दिला की झेंडा उघडायचा आणि पाकळ्या पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर पडायच्या. म्हणून पहिलीची रांग कायम खांबाजवळ.

त्या दिवशी शाळेत लगीनघाई होती. एका वर्गात आयांचं हळदीकुंकू चाललं होतं. व्हरांड्यात तिसरी-चौथीच्या मुलांनी खाऊगल्ली मांडली होती. हिशोब फळ्यावर शिकवण्यापेक्षा भेळ विकून लवकर येतो, असं मुख्याध्यापिका संचिता मॅडमांचं म्हणणं. मी भेळ घेतली, तर विकणारी मुलगी सुटे पैसे बोटांवर मोजत बसली. मी सांगायला गेले, तशी मॅडमांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी झेंडा फडकवायचा मान माझा होता. गावची लेक, ठाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवते, शाळेला पुस्तकं देते, असं मॅडमांनी समितीपुढे मांडलं होतं. समितीचा अध्यक्ष नयन हा माझ्याच वर्गातला. खरं तर मान त्याचा, पण त्याने आनंदाने सोडला. वर मला म्हणाला, "बापाने बांधायचा नि लेकीने ओढायचा. आम्ही काय, टाल्या वाजवायच्या." बाबा हसले. त्यांना मी इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला पहिलीच्या वर्गात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर झेंडा होता, बाजूला पाकळ्यांची परडी.

"मना नाय जमायचं यंदा," ते म्हणाले. "तू मार गाठ."

दिवाळीपासून त्यांचे हात कापत होते. घरी चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि कुणी आलं की खाली ठेवत. शाळेला कळलं तर झेंडा दुसऱ्याकडे जाईल, एवढीच त्यांना भीती. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते म्हणायचे, सव्वीस जानेवारी होऊ दे.

त्यांनी सांगितलं तशी मी घडी घातली, पाकळ्या भरल्या. एवढ्यात कॉलेजातून फोन आला. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं काहीतरी होतं. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी दोरीचा फेरा घातला. घडी सैल वाटली. वर चढवतानाच उघडली तर सगळ्यांसमोर शोभा होईल, असं मनात आलं. मी दुसरा फेरा घातला आणि आवळला. बाबा खिडकीशी उभे होते, कुणी येत नाही ना ते बघत.

"एकच फेरा मारलास ना गो?"

"हो," मी म्हणाले. फोन अजून कानाशीच होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण दिवसातून कितीदा तरी असं हो म्हणतो.

संध्याकाळी ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. परसातला वाल भरला आहे, येत्या रविवारी मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावू, लवकर ये, म्हणाले.

सव्वीसला सकाळी लेझीम झालं, प्रभातफेरी गावातून फिरून आली. बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, खुर्च्यांवर न बसता नेहमीसारखे नळापाशी, पोरांच्या मागे उभे होते. आदल्या दिवशी बांधून ठेवलेला झेंडा नयनने वर चढवला होता. मी पुढे झाले आणि दोरी ओढली.

झेंडा उघडला नाही. मी पुन्हा ओढली. पोरांना झटका दिसला की राष्ट्रगीत सुरू करायची सवय लावलेली होती, त्यांनी सुरू केलं. दोन ओळी झाल्यावर मॅडमांनी हात वर केला, मग पुढच्या रांगा थांबल्या, मागच्या आणखी थोड्या वेळाने थांबल्या. वर ते गाठोडं हलत होतं. खांबाखाली पहिलीची पोरं पाकळ्यांसाठी माना वर करून उभी होती.

पाहुण्यांच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं की वय झालं की माणसाने थांबावं. कुणी हसलं. नयनने झेंडा खाली घेतला आणि तो गाठ सोडवू लागला. पहिला फेरा सुटला. मग दुसरा. मी बाबांकडे बघितलं. ते नयनच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की ती गाठ माझी आहे. चार शब्दांचं काम. चार माणसांत बोलणं माझा व्यवसाय आहे. पण मी पाहुणी होते, रेशमी साडीत होते, हातात भाषणाचे कागद होते. आणि मला एक चांगलं कारणही सापडलं, तशी कारणं मला लवकर सापडतात. खरं सांगितलं, तर बाबांना आता गाठ मारता येत नाही हे सगळ्यांना कळेल. त्यांनी एवढं जपलेलं आपण कसं उघडं करायचं? मी त्यांच्यासाठी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा नळापासून पुढे आले. त्यांनी खिशातून हात काढले आणि सगळ्यांना दिसतील असे समोर धरले.

"माझे हात कापतान आता," ते म्हणाले. "गाठ आवळली गेली. चूक माझी."

हात खरंच कापत होते. मॅडम म्हणाल्या, असू दे बाबा, होतं असं. पाकळ्या खाली ढिगाने पडल्या होत्या, त्या कुणीतरी पायाने बाजूला सारल्या. झेंडा रिकामाच वर गेला. मग मी वाचनाचं महत्त्व या विषयावर बोलले. टाळ्या पडल्या.

सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवून त्याची घडी घालणं, हेही बाबांचंच काम. त्या संध्याकाळी ते गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले, हात मांडीखाली घेऊन. नयनने झेंडा उतरवला.

रविवारी मी आले ती बोलायचंच ठरवून. बाबांनी मडकं भरून ठेवलं होतं, वरून भांबुर्ड्याचा पाला कोंबला होता. जाळ मी केला. पोपटी शिजेपर्यंत आम्ही शेकत बसलो. मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी…" त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. शेंगा यंदा चांगल्या भरल्यात, म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले की पहिलीच्या पोरांना पाकळ्या मिळाल्या नाहीत, तेवढंच वाईट झालं. मी मान हलवली. जेवून ठाण्याला परत आले. पुढच्या वेळी सांगू, म्हटलं.

पुढची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या शकूआत्याचा पहाटे फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. हृदय जुनंच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं आहे. दोरीच्या गाठीने माणूस मरत नाही, एवढं मला कळतं. पण शेवटच्या दिवसांत ते शाळेच्या रस्त्याने जात नव्हते, दुधाला वळसा घालून जात होते, हे आत्याने दिवसकार्याच्या वेळी सांगितलं. कुणावर ठपका म्हणून नाही, सहज बोलता बोलता. मी पानं वाढत होते. वाढत राहिले.

एक मेला संचिता मॅडमांनी मला पुन्हा बोलावलं. त्या दिवशी झेंडावंदन असतं आणि मुलांचे निकालही लागतात. मी दिलेल्या पुस्तकांचा वाचन कोपरा त्यांनी बाबांच्या नावाने केला होता. चौथीच्या मुलींनी भोवती रांगोळी काढली होती. मी दोन पानांचं भाषण लिहून आणलं होतं. त्यात बाबांचं शाळेवरचं प्रेम होतं, गुरुजी होते, पाकळ्या होत्या. गाठ नव्हती.

झेंडा नयनने बांधला. मी शेजारी उभी राहून बघितलं. एक फेरा, सैलसर, खाली दोरीचं टोक मोकळं सोडलेलं. मला तो सैल वाटला. त्याने ओढल्याबरोबर झेंडा उघडला, पाकळ्या पडल्या, पहिलीची पोरं त्या केसांतून काढून एकमेकांना दाखवू लागली.

मग मॅडम माईकवर बोलल्या. अतिशय मनापासून बोलल्या. इतकी वर्षं धाकूबाबांनी झेंडा बांधला, म्हणाल्या, शेवटच्या वेळी त्यांच्या हातून एक गाठ चुकली, पण ती चूक आपण लक्षात ठेवायची नाही, त्यांची सेवा लक्षात ठेवायची. लोकांनी माना डोलावल्या. गाव त्यांना माफ करत होतं. नयननेही मान डोलावली, आणि दोन फेरे तर त्याने स्वतःच्या हाताने सोडवले होते.

माईक माझ्या हातात आला. कागद मी दुमडले. समोर पहिलीची रांग होती, मागे नळ, आणि नळापाशी कुणीच नव्हतं.

"सव्वीस जानेवारीची गाठ माझ्या वडिलांनी मारली नव्हती," मी म्हणाले. आवाज पत्र्यांवर आदळून परत आला. "ती मी मारली होती. एकच फेरा मारलास ना, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणाले. मी दोन मारले होते."