भिंतीवरची दुर्पता

कुडवा गावातल्या पोरांनी गल्लीच्या भिंती रंगवायला घेतल्या. ज्याला जे आपलं घर वाटतं, ते त्याच्या भिंतीवर काढायचं, असं ठरलं. झनकलालनं गेल्या साली वारलेल्या बायकोचा, दुर्पताचा चेहरा मागितला. त्या पोरांतल्या गुंजननं आधार कार्डावरच्या फोटोवरून ती काढली. हसू मात्र झनकलालनं सांगितलं तसं.

त्या दिवसापासून मोठा भाऊ चुन्नीलाल रोजच्या चहाला यायचा बंद झाला. झनकलाल त्याच्याकडे गेला.

"दादा, माहा चहा कडू लागला का? काऊन येऊन नाही राहिला?"

"कसा येऊ? भासरा हाव मी तिचा, मोठा दीर. जन्मभर तिनं माह्यापुढं तोंडावरचा पदर हलू देला नाही. आता भर गल्लीत तिचं तोंड पाहू?"

झनकलाल परत भिंतीपुढं आला. मग त्यानं गुंजनला बोलावलं.

"पोरी, पदर ओढून दे. हनुवटीपर्यंत."

"काका, मंग काकू दिसणारच नाही!"

"गल्लीत ती तशीच दिसे. हे तोंड घरातलं होतं."

दुसऱ्या दिवशी चुन्नीलाल भिंतीपुढून सरळ चालत आला. "आता बरं. मांड चहा," म्हणाला.

झनकलालनं चहा मांडला. बाहेर पदराचा रंग वाळला होता, आणि त्याखालचं हसू आता त्यालाही दिसत नव्हतं.